तगादा आणि शिल्लक

उभी हयात ज्याने इतरांच्या मिसली चाळण्यात घालविली, त्याला स्वतःच्या देहाची मिसल दुसऱ्या कोणी उघडून बसावे हे रुचत नाही, ही गोष्ट आमच्या तात्यांच्या शेजारात इतकी वर्षे राहूनही मला फार उशिरा कळली. तात्या महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी, म्हणजे आता सहा वर्षांपूर्वी, पुण्याच्या एका रुग्णालयात त्यांनी वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. तेव्हा त्यांचे वजन 124 किलो होते. वाड्याचा अकरा पायऱ्यांचा जिना चढताना त्यांना मध्ये एकदा कठड्याला धरून उभे राहावे लागे, दिवसातून दोन वेळा इन्सुलिन टोचून घ्यावे लागे, आणि रात्री नाकावर श्वासाचे यंत्र चढविल्यावाचून त्यांना धड झोप लागत नसे. यंत्र येण्यापूर्वी, भिंतीला भिंत असल्यामुळे, ती मलाही लागत नसे. शस्त्रक्रियेनंतर दीड वर्षात ते 84 किलोंवर उतरले. इन्सुलिन तर रुग्णालयातून घरी येतानाच सुटले होते, आणि वाईच्या घाटावरून मेणवलीच्या रस्त्याला पहाटे फिरायला जाणाऱ्या मंडळींत सर्वांच्या पुढे तात्यांची पांढरी टोपी दिसू लागली.

त्यांच्या थोरल्या बंधूंच्या पत्नी, ज्यांना सारी आळी वहिनी म्हणते, त्यांनी मुंबईच्या एका सार्वजनिक रुग्णालयात चौतीस वर्षे परिचारिकेची नोकरी केली. यजमान गेल्यावर त्या वाड्याच्या मागल्या सोप्यात येऊन राहिल्या आहेत. दीर-भावजयीचे सख्य मोठे आहे, आणि ज्या घरात सख्य असते तेथेच वाद मनसोक्त होतात या न्यायाने, त्यांच्या ओसरीवर संध्याकाळचा चहा घेताना मी अनेक वाद ऐकले आहेत. पण आषाढातल्या त्या दशमीचा वाद लक्षात राहिला तो त्याच्या आरंभामुळे. तात्या बाहेरून आले, छत्री मिटवून कोपऱ्यात टेकविली, ओसरीवर चढले आणि पायांतल्या वहाणा काढण्यासाठी वाकले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की उजव्या पायात वहाण आहे आणि डाव्या पायात नाही. डावी वहाण खाली दुसऱ्या पायरीवर, पावसाच्या पागोळीखाली, उलटी पडली होती. तात्या हसले, मीही हसलो. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी कपातला उरलेला चहा संपविला आणि विचारले, “भाऊजी, शेवटचे रक्त कधी तपासलेत?”

“झाली असतील तीन वर्षे. त्यानंतर ते प्रकरण मी निकाली काढले.”

“तुम्ही काढलेत. पण ज्याचे प्रकरण आहे त्या शरीराने निकाल मान्य केला आहे का?”

तात्यांना कायद्याचा मुद्दा निघाला की स्फुरण चढते. ते पाटावर सावरून बसले आणि म्हणाले, “वहिनी, शस्त्रक्रिया ही एक घटना आहे, तिला आरंभ आहे तसा शेवटही असला पाहिजे. आंत्रपुच्छ काढलेला माणूस दरसाल शल्यवैद्याला तोंड दाखवायला जात नाही, आणि अंतर्गळ शिवून घेतलेल्याच्या घरी वर्षानुवर्षे कोणी विचारपूस करीत नाही. मी अर्ज केला, पैसे भरले, कागदावर सह्या केल्या, पोट कापून घेतले, दोन आठवडे ताकावर आणि वरणाच्या पाण्यावर काढले, आणि चाळीस किलो उतरवून दाखविले. कबुलायतीतली माझी बाजू मी पुरी केली. त्यानंतरही मरेपर्यंत हजेरी मागणे म्हणजे सारा भरून पावती घेतलेल्या खातेदाराच्या दारात पुन्हा तगाद्याचा शिपाई उभा करणे होय.”

“आंत्रपुच्छ काढल्यावर अन्न पूर्वीच्याच वाटेने जाते,” वहिनी म्हणाल्या. “तुमची वाटच बदलली आहे. तुमच्या जठराचा वरचा एवढासा भाग, आमटीचे दोन मोठे चमचे मावतील एवढा, तोडून त्याची वेगळी पिशवी केली, आणि आतडे खालून वर आणून थेट त्या पिशवीला जोडले. उरलेले सगळे जठर आणि त्यापुढचे पहिले आतडे पोटात जागच्या जागी आहे, पण अन्न तिकडे फिरकत नाही. इंग्रजी वाय अक्षरासारखी ही जोडणी स्वित्झर्लंडमधल्या सेझार रू नावाच्या शल्यवैद्याची, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांची जुनी. लठ्ठपणासाठी जठराला बगल देण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी 1966 मध्ये सुरू केली. जठरातल्या व्रणासाठी ज्या स्त्रियांचे अर्धेअधिक जठर काढून टाकले होते, त्यांचे वजन काही केल्या वाढत नाही, हे त्यांनी पाहिले होते.”

“म्हणजे बाह्यवळण रस्ताच की हा! गावाबाहेरून नवी सडक काढली की वाहने सुसाट जातात.”

“वाहने जातात खरी, पण जुन्या रस्त्यावरच्या दुकानांत कोणी थांबत नाही. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः ज्या पहिल्या आतड्यात शोषले जाते, ते आता जुन्या रस्त्यावर पडले. बी-12 जीवनसत्त्व अन्नातून सोडवून घ्यायला जठरातले आम्ल लागते आणि पुढे ते अंगी लागायला जठरातच झरणारा एक पदार्थ लागतो. त्या दोहोंची आणि अन्नाची गाठ आता नीट पडत नाही. त्यातून आपण शाकाहारी. बी-12 येणार ते दुधाताकातून, आणि ते तुम्ही किती घेता हे मला ठाऊक आहे.”

हे ऐकून तात्या डगमगले नाहीत. त्यांनी डाव्या हाताने दंडाचा स्नायू चाचपून दाखविला आणि म्हणाले, “हे सारे शास्त्र मान्य. पण शास्त्रापेक्षा प्रत्यक्ष मोठे. मी रोज दीड कोस चालतो, जिना न थांबता चढतो, रात्री यंत्रावाचून झोपतो. उणीव असती तर सहा वर्षांत तिने तोंड दाखविले नसते काय?”

येथे वहिनींनी जे उत्तर दिले ते मी पुढे पुष्कळ दिवस मनात घोळविले, कारण समोरच्या माणसाला त्याच्याच भाषेत गाठण्याची कला त्यांनी रुग्णशय्येपाशी बसून कमावली असली पाहिजे. त्या म्हणाल्या, “भाऊजी, निरोगी माणसाच्या शरीरात, मुख्यतः यकृतात, बी-12 ची शिल्लक साधारण दोन ते पाच मिलिग्रॅम असते. रोजचा खर्च दोन-अडीच मायक्रोग्रॅमचा. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा हिस्सा. तुम्ही हिशेबी आहात. जमेच्या बाजूला काहीही आले नाही, तरी हे खाते किती चालेल?”

तात्यांचे ओठ हलले. “काही वर्षे चालेल,” ते म्हणाले.

“आणि त्या काही वर्षांत खातेदाराला काय जाणवेल?”

“काहीच नाही.”

“हाडांचे त्याहून वाईट. रक्तातले कॅल्शियम ठरलेल्या मर्यादेत राहिलेच पाहिजे, नाहीतर हृदय आणि स्नायू चालत नाहीत. ते आतड्यातून पुरेसे आले नाही की गळ्याजवळच्या चिमुकल्या ग्रंथी हुकूम सोडतात आणि हाडांतून उचल करून रक्तातला आकडा भरून काढला जातो. नुसते कॅल्शियम तपासाल तर कागदावर सारे ठाकठीक.”

“म्हणजे रोजकीर्दीची बाकी जुळते आणि तिजोरीतली ठेव मोडलेली असते,” तात्या स्वतःशी बोलल्यासारखे बोलले. आणि मग, आपण प्रतिपक्षाची साक्ष दिली हे ध्यानात येऊन, त्यांनी घाईने तपकिरीची डबी काढली. तालुक्याच्या कचेरीत असताना असली जुळलेली बाकी पाहून ज्यांना संशय येई, आणि जे एखाद्या तलाठ्याला त्यावरून संध्याकाळपर्यंत उभा ठेवीत, ते हेच गृहस्थ. त्या तलाठ्यांपैकी कोणी त्या क्षणी ओसरीवर असता तर त्याला मोठे समाधान वाटले असते.

परंतु तात्यांचा पक्ष केवळ हट्टाचा होता असे कोणी समजू नये. तपकीर ओढून झाल्यावर त्यांनी जे सांगितले, ते मी तोपर्यंत ऐकले नव्हते, आणि मला वाटते काकूंनीही, म्हणजे तात्यांच्या पत्नींनीही, ऐकले नव्हते, कारण त्या कणीक मळता मळता दाराशी येऊन थांबल्या.

“पहिले वर्षभर,” तात्या म्हणाले, “दर आठवड्याला त्या रुग्णालयातून एका मुलीचा फोन येत असे. काका, पाणी किती प्यालात, काका, प्रथिने किती घेतलीत. वर्ष पुरे झाल्यावर त्यांनी एक समारंभ केला. आम्हा दहा-बारा जणांना व्यासपीठावर बोलावून आमच्या जुन्या विजारी आमच्याच हातांत दिल्या आणि छायाचित्रे काढली. माझी ती विजार दोन्ही हातांनी ताणून धरलेली तसबीर पुढे त्यांच्या दर्शनी भिंतीवर लागली. त्यानंतर फोन थांबला. पैसे भरले होते त्यांत पहिल्याच वर्षाचा अंतर्भाव होता, असे चौकशीअंती कळले. तिसऱ्या वर्षी मी आपण होऊन गेलो. खंबाटकी ओलांडून सकाळी नऊला पोहोचलो, बाराला आत बोलावणे आले. आत म्हणजे कोठे? वजनाचा काटा त्यांनी येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवलेला, बाकांवर वीस माणसे बसलेली, आणि काट्यापाशी उभ्या असलेल्या मुलीने माझा आकडा चावडीवर दवंडी द्यावी तसा खणखणीत वाचला. चार किलो वाढले होते. तिच्या शेजारची, माझ्या नातीच्या वयाची, मान वाकडी करून म्हणाली, ‘काका, गोड खाल्लंत ना?’ शल्यवैद्य चार मिनिटे भेटले. त्या चार मिनिटांत माझ्या झोपेविषयी, साखरेविषयी, जिन्याविषयी एक अक्षर त्यांनी विचारले नाही, मागल्या कागदावरचा आकडा आणि पुढल्या कागदावरचा आकडा एवढेच पाहिले. वहिनी, जामिनावर सुटलेल्या आरोपीला आठवड्याला चौकीवर हजेरी लावावी लागते, हे मी जाणतो. पण मी गुन्हा कोणता केला? परत येताना गाडीत मी ठरविले की ह्या उंबरठ्यावर पुन्हा पाऊल ठेवायचे नाही. शिवाय खर्च पाहा. विमा कंपनीने शस्त्रक्रियेचे पैसे दिले, पण दरमहाच्या गोळ्या आणि वर्षाच्या तपासण्या यांच्याशी तिचा संबंध नाही. कापायला सर्वजण पुढे, आणि निभवायला मी एकटा! मग थकबाकी कोणाकडे निघते, माझ्याकडे की त्यांच्याकडे?”

माझे मत कोणी विचारले नव्हते, तरी ते येथे नोंदवितो: या मुद्द्यावर मी तात्यांच्या बाजूचा होतो व आहे. आजारी माणसाला बोलावून घेऊन चारचौघांत त्याची लाज काढणे आणि मग तो येत नाही म्हणून त्याच्या नावापुढे ‘संपर्क तुटला’ असा शेरा मारणे, याला शुश्रूषा म्हणता येत नाही. ज्याचे वजन पुन्हा वाढू लागते त्यालाच वैद्याची गरज अधिक, आणि नेमका तोच काट्याच्या भीतीने दूर राहतो, ही तर उघड गोष्ट आहे. ती काटा वाटेवर ठेवणाऱ्यांना दिसत नाही, एवढेच.

वहिनींनीही प्रतिवाद केला नाही. “काटा चुकीच्या जागी होता,” त्या म्हणाल्या, “आणि ती मुलगी माझ्या वॉर्डात असती तर मी तिला दोन शब्द सुनावले असते. गोड खाल्ले की नाही हे तुम्हाला विचारायची गरजच काय? ते तुमचे आतडे स्वतः जाहीर करते.” यावर काकू पदर तोंडाला लावून हसल्या, कारण पहिल्या वर्षाच्या गणेशचतुर्थीची हकिगत सर्वांना ठाऊक होती. तात्यांनी ‘नैवेद्याचा मान’ म्हणून दोन उकडीचे मोदक वर तूप घालून खाल्ले. वीस मिनिटे झाली नाहीत तोच त्यांना दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली, पोटात कळा येऊ लागल्या आणि ते झोपाळ्यावर आडवे झाले. सर्वांना वाटले हृदयविकार. आरती तशीच अर्धी टाकून मी रिक्षा आणायला धावलो होतो. पिशवीतून साखर एकदम आतड्यात उतरली म्हणजे असे होते, हे वहिनींनी दूरध्वनीवर सांगितले तेव्हा कोठे घरात श्वास परत आला, आणि गुरुजींनी आरती पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावली.

“पण आता वजन किती आहे ते सांगा,” वहिनी म्हणाल्या.

तात्यांनी पावसाकडे पाहिले. मग, सरकारी पैशातली तूट कबूल करणाऱ्या कारकुनाचा स्वर मी कधी ऐकलेला नसला तरी तो असाच असणार अशा स्वरात, ते म्हणाले, “93.”

काकूंच्या हातातली कणीक तशीच राहिली. नऊ किलो परत आले होते, आणि तेही या घरात कोणाला न सांगता, सैल सदऱ्यांच्या आड.

“बरे,” वहिनी म्हणाल्या, जणू त्यांनी घड्याळ विचारले होते. “स्वीडनमध्ये 1987 पासून अशा शस्त्रक्रिया झालेल्या दोन हजारांवर लोकांचा मागोवा घेतला, तितक्याच जाड माणसांचा, ज्यांनी शस्त्रक्रिया केली नाही अशांचा, तुलनेसाठी घेतला. वर्षे लोटली तशी शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यू कमी झाले, हे त्यावरूनच जगाला कळले. तुमच्यासारखे बाह्यवळण ज्यांचे केले होते, त्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्के उतरले. 124 चे 32 टक्के किती?”

“एकोणचाळीस आणि वर काही. म्हणजे राहिले 84.”

“दहा वर्षांनी त्यांची घट 25 टक्क्यांवर आली होती. 124 चे 25 टक्के?”

“31,” तात्या म्हणाले. आणि वजाबाकी करून थांबले. पागोळ्या पडत होत्या. ती वहाण अजून पायरीवरच होती. “93,” ते म्हणाले.

“तुम्ही स्वीडनची सरासरी आहात, भाऊजी. चोरी केलेली नाही. शरीर आपले जुने वजन विसरत नाही. भूक थोडी परत येते, पिशवी थोडी सैलावते. त्या मुलीला हे शिकवलेले नव्हते. तुम्हाला शस्त्रक्रियेपूर्वी कोणी सांगितले असते, तर तुम्हीही तीन वर्षे तोंड लपवून बसला नसता.”

एखादा हळवा मनुष्य येथे विरघळला असता. तात्यांनी उलट नवा मुद्दा काढला, आणि मला त्यांचा आदर वाटला. “म्हणजे ही जी वर्षानुवर्षांची बोलावणी, ती त्यांच्या ग्रंथांत आकडे भरण्यासाठी. मी पुढच्या पिढीसाठी रक्त देत बसायचे! छत्तीस वर्षे सरकारची चाकरी केली, आता हा देह तरी माझी इनाम जमीन असू द्या. तिची मोजणी नको आणि पाहणीही नको.”

“आकडे भरले नसते तर आज तुमच्या पोटात काय असते, ठाऊक आहे? 1954 साली अमेरिकेत मिनेसोटाला जी पहिली शस्त्रक्रिया लोकांपुढे आली, तिच्यात जवळजवळ सगळे लहान आतडेच बाजूला टाकीत. माणसे रोडावली, शल्यवैद्य खूश झाले. पुढे त्याच माणसांना परत परत बोलावले तेव्हा दिसले की कोणाचे यकृत निकामी होत आहे, कोणाच्या मूत्रपिंडात खडे धरत आहेत, कोणाचे सांधे सुजत आहेत. ती शस्त्रक्रिया मग बंद पडली. तुमच्याआधी कोणीतरी हजेरी लावली म्हणून ती तुमच्यावर झाली नाही.”

तात्या काही बोलले नाहीत. वहिनीही थोडा वेळ गप्प होत्या. मग त्यांनी, न विचारता, एक जुनी आठवण सांगितली. त्यांच्या वॉर्डात एक बाई आली होती, तिशीची. दुसरीकडे कोठेतरी वजनाची शस्त्रक्रिया झालेली, आणि त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे पोटात काही ठरत नव्हते. ‘ऑपरेशन झाले म्हणजे ओकाऱ्या व्हायच्याच’, असे म्हणून घरच्यांनी वाट पाहिली. वाटेत कोणीतरी ग्लुकोजचे सलाईन चढविले. वॉर्डात आली तेव्हा तिची बुबुळे थरथरत होती, पाय फेंगडे पडत होते, आणि ती वहिनींना आपली मावशी समजून बोलत होती. “बी-12 ची शिल्लक वर्षे टिकते, बी-1 ची काही आठवडेच. ओकारी थांबत नसेल तर आधी बी-1 टोचायचे, मग ग्लुकोज. उलट केले तर उरलेसुरलेही जळून जाते. आम्ही दिले, पण उशीर झाला होता. डोळे सुधारले. चालायला पुढे भिंत धरावी लागे. आणि सकाळी काय खाल्ले ते दुपारी तिला सांगता येत नसे. तिचा नवरा रोज तिला सांगायचा, तू पोहे खाल्लेस. तीन आठवडे पडून राहिलेल्या त्या बाईला कोणी एकदा फोन केला असता, तर तो तगादा ठरला असता का, भाऊजी?”

बराच वेळ फक्त पावसाचा आवाज होता. मग वहिनी उठल्या, तात्यांच्या समोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, “डावा पाय पुढे करा. डोळे मिटा.” त्यांनी तात्यांच्या डाव्या पायाचा अंगठा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरला आणि किंचित वर केला. “वर की खाली?”

“वर.”

त्यांनी अंगठा खाली केला. “आता?”

“वर.”

पुन्हा खाली. तात्या थांबले, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, “वरच असावा.” मी आणि काकू, आम्ही दोघेही तो अंगठा पाहत होतो.

“डोळे उघडा,” वहिनी म्हणाल्या. “पायाला मुंग्या किती दिवस येतात?”

“दिवाळीपासून. मला वाटले, वय झाले.”

“मधुमेहाचेही असेल, बी-12 चेही असेल, दोहोंचेही असेल. रक्त पाहिल्यावाचून कळणार नाही. पण बी-12 चे असेल तर मज्जातंतू वाट पाहत बसत नाहीत. उशीर झाला तर इंजेक्शन देऊनही सगळे परत येत नाही.”

तात्या उठले. आत जाऊन त्यांनी देवघराच्या वरच्या फळीवरून तांबड्या कापडात बांधलेला एक रुमाल आणला, कचेरीतल्या दप्तरांना बांधतात तसा, चारी टोके एकावर एक दुमडून. आत कागद तारीखवार लावलेले होते: संमतिपत्र, शस्त्रक्रियेचा अहवाल, पहिल्या वर्षाच्या सहा तपासण्या, दुसऱ्या वर्षाच्या दोन, तिसऱ्या वर्षाची एक, आणि त्या एकीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलेले ‘93’, त्याखाली खोडलेले ‘91’, त्याखाली ‘90’. घरी दार लावून ते काट्यावर उभे राहत होते तर! ज्या माणसाने प्रकरण निकाली काढल्याचे सांगितले, त्यानेच ते एकट्याने चालू ठेवले होते.

पुढचा भाग कामकाजाचा होता आणि तो झपाट्याने उरकला. पुण्याला जायलाच पाहिजे असे नाही, हे वहिनींनी आरंभीच मान्य केले. ब्रिटनमध्येसुद्धा पहिली दोन वर्षे शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्राने पाहावे आणि पुढे निदान वर्षातून एकदा नेहमीच्या डॉक्टरांनी, केंद्राच्या सल्ल्याने, तपासावे असाच दंडक आहे, असे त्या म्हणाल्या. गावातले डॉक्टर हे सहज करतील, मात्र त्यांना शस्त्रक्रियेचा हा अहवाल दाखवायचा आणि त्याची एक प्रत प्रवासात खिशात ठेवायची, कारण आतड्याच्या नव्या जोडणीमागे राहिलेल्या फटीत वर्षांनंतरही आतडे अडकू शकते, आणि अचानक पोटात असह्य कळ उठली तर परगावच्या वैद्याला आतला नकाशा ठाऊक असला पाहिजे. मग काकूंनी गोळ्यांचा डबा आणला. कॅल्शियमच्या बाटलीचे बूच अद्याप फोडलेले नव्हते. लोहाच्या गोळ्या निम्म्या संपल्या होत्या, पण त्या तात्या सकाळच्या चहाबरोबर घेत असत, ज्यामुळे लोह अंगी लागत नाही. आणि अधूनमधून उत्साह आला की सगळ्या गोळ्या एका घोटात घेऊन ‘काम उरकीत’ असत. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर हवे, हे ऐकल्यावर तात्या म्हणाले, “बरोबर आहे, एका चावडीत दोन मामलेदार बसवू नयेत.” डब्याच्या तळाशी गुडघेदुखीच्या गोळ्यांची एक पट्टी निघाली. ती वहिनींनी उचलून सरळ आपल्या बटव्यात टाकली. असल्या गोळ्यांनी पिशवी आणि आतडे यांच्या सांध्यावर व्रण होतो आणि तो रक्तही ओकायला लावतो, गुडघा फारच दुखला तर पॅरासिटामॉल घ्यायचे, एवढे सांगून त्यांनी तो विषय संपविला.

तात्यांनी मात्र दोन अटी घातल्या आणि त्या कागदावर लिहून घ्यायला लावल्या. पहिली, वजन घरी, दार लावून, महिन्यातून एकदाच होईल आणि आकडा ते स्वतः सांगतील. दुसरी, त्या रुग्णालयाला एक पत्र जाईल, ज्यात भिंतीवरची तसबीर उतरवावी आणि काटा आतल्या खोलीत न्यावा अशी मागणी असेल. मजकूर त्यांचा, अक्षर माझे. वहिनींनी दोन्ही अटींखाली सही केली. पत्र गेले. उत्तर अद्याप आलेले नाही.

“रक्त उद्या सकाळीच देऊन टाका,” वहिनी म्हणाल्या. “तपासणीवाल्या मुलाला मी निरोप पाठवते. उपाशीपोटी लागेल.”

“उद्या एकादशी. उपास आहेच.” तात्या उठून पायरीपाशी गेले, वहाणेकडे नीट पाहून तिच्यात पाय घातला आणि ती ओढत ओसरीवर घेऊन आले. “पण रक्त देऊन झाल्यावर खिचडी मिळेल ना?”

“मूठभर. साबुदाणा कमी, दाण्याचे कूट जास्त, आणि बरोबर वाटीभर दही.”

तात्यांनी क्षणभर विचार केला. “मूठ कोणाची धरायची,” त्यांनी विचारले, “तुमची की माझी?”